मक्यातला फेझंट

मोडनिंबजवळच्या आमच्या मक्यात मी एक विदेशी फेझंट पकडला. घरात त्या विषयावर माझ्याशी अजून कोणी नीट बोलत नाही.

फेझंट म्हणजे रानकोंबडीच्या भावकीतला श्रीमंत पक्षी. सोनेरी डोकं, लालभडक छाती, हिरवी पाठ. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून बघून तो मला घरच्या माणसांपेक्षा ओळखीचा झाला होता. त्याआधी मी ससे पाळले, ते पळाले. अळिंबी लावली, तिला बुरशी आली (म्हणजे नको ती बुरशी आली). शेततळ्यात मोत्यांसाठी शिंपले सोडले, ते कुणी खाल्ले याचा तपास अजून चालू आहे.

हा सगळा इतिहास माझे साडू बाळासाहेब यांना तोंडपाठ. त्यांचं सोलापुरात चादरींचं दुकान आहे आणि ते चालतं, हाच माझा त्यांच्यावरचा राग. मेव्हण्याच्या लग्नात भर पंगतीत ते म्हणाले, "विलासराव, एकदा तरी चालू असलेलं काहीतरी दाखवा की. आम्ही येतो ते बंद पडल्यावरच." यावर आमचे सासरे हसले. सासरे कधी हसत नाहीत. तो जिलेबीचा तुकडा मला अजून पचलेला नाही.

तर, बेंदराच्या दिवशी मी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करायला सोलापूरला गेलो होतो. बैलांची शिंगं रंगवणं, ओवाळणं, मिरवणं, सगळं माझ्या माघारी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर उभा राहून जनावरांच्या मक्याकडे बघतोय, तर मक्यातून एक सोनेरी डोकं वर आलं. मागोमाग लाल छाती. खांद्यावरचा टॉवेल टाकून, चिखलात आडवा पडून मी त्याला धरला आणि डालग्यात घालून शेडमध्ये नेऊन कोंडला. फोटो काढून मोबाइललाच विचारलं, तर तोही म्हणाला, फेझंट असण्याची शक्यता आहे. मी तोच फोटो साडूंना पाठवला. खाली लिहिलं, "रविवारी सासरेबुवांना घेऊन या. चालू आहे."

घरी आलो तर आई दारातच.

"विलास, आपलं कोंबडं दिसंना रं. देवीचं."

आईनं लक्ष्मीआईला एक कोंबडा बोलला होता. पांढराशुभ्र. आखाडातल्या जत्रेला नवस फेडायचा होता. नवस कशाचा हे ती कुणाला सांगत नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "तुला काय करायचंय? माजं आन् देवीचं बगून घिऊ आमी." आता जत्रा तोंडावर आणि कोंबडा गायब. देवीला काय तोंड दाखवू, म्हणून आईनं जेवण सोडलं.

मग मी आईबरोबर कोंबडा शोधत सगळी वस्ती पालथी घातली. पांढरं काही दिसलं की धावायचो. एकदा तर शेजारच्या सोनाबाईंनी वाळत घातलेलं धोतर धरलं. शोधून दमलो की शेडमध्ये जाऊन फेझंटला डाळिंबाचे दाणे, उकडलेलं अंडं असं खायला घालायचो. शेडला आतून ताडपत्री आणि बाहेरून कुलूप. नवीन माणूस दिसलं की विदेशी पक्षी अन्न सोडतो, असं व्हिडिओत सांगितलं होतं.

"अहो," आमची ही, म्हणजे सुमन, म्हणाली, "शेडातनं कोंबडा आरवल्यागत झालं."

"फेझंट आहे तो. आजूबाजूचे आवाज उचलतो."

"आन् तुमचे हात का पिवळे झालेत?"

"त्याच्या पिसांत तेल असतं. जातिवंत असल्याची खूण."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका बोलत नाहीत, नुसत्या बघतात.

शनिवारी सोनाबाईंच्या घरातून रश्श्याचा वास आला, आणि आईचा तोल सुटला. "माजं देवीचं कोंबडं खाल्लंस गं," म्हणून ती कंबर खोचून त्यांच्या अंगणात उभी राहिली. सोनाबाई म्हणाल्या, "बाजारातनं आनलंय, पाव्हनं आल्यात माजं." मला गप्प बसता आलं असतं. पण आईची कड घ्यायला नको? मी म्हणालो, "मग तुमच्या उकिरड्यावर पांढरी पिसं कुठली?" ती बगळ्याची होती. पण तोवर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं होतं आणि सोनाबाईंच्या पाहुण्यांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

रविवारी साडू आले. पांढराफटक शर्ट, परीटघडीचा. बरोबर सासरे, पांढरी टोपी. मी सगळ्यांना शेडपुढे उभं केलं. आईलाही बोलावलं. म्हटलं, कोंबड्याचं दुःख तरी विसरेल बिचारी. फेझंटचं मूळ, त्याचा स्वभाव, भारतातलं त्याचं भविष्य यावर मी थोडं बोललो. सासरे म्हणाले, "दावा की आता." मी कुलूप काढून ताडपत्री ओढली.

"आगं बया," आई म्हणाली, "माजं कोंबडं!"

कोंबड्यानंही आईला ओळखलं. एवढ्या दिवसांचा कोंडलेला तो, आईच्या आवाजाकडे झेपावला; वाटेत साडू उभे होते. साडूंच्या छातीवर पिवळा, खांद्यावर हिरवा आणि सासऱ्यांच्या टोपीवर लाल रंग ठेवून फेझंट खाली उतरला, तेव्हा बराचसा पांढरा झाला होता.

"बैलाचा रंग उरला व्हता," आई त्याला पोटाशी धरून सांगत होती. "देवीचं हाय, कुनी कापू नये, म्हनून रंगवून सोडलं. तुला ठावं न्हाई व्हय? सुमननंच तर डोकं रंगवलं."

मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "मला कुटं दाखवला तुमी?"

साडू शर्टाकडे बघत म्हणाले, "विलासराव, चालू आहे खरं." आणि सासरे हसले. टोपी काढून, डोळे पुसून हसले.

संध्याकाळी आईनं मला सोनाबाईंच्या दारात उभं करून माफी मागायला लावली. मी मागितली. परत येताना म्हटलं, "जाऊ दे आई, कोंबडा तर सापडला. जत्रेला नवस फेडून टाकू."

"कशाचा फेडू?" आई थांबली. "'लक्षुमीआई, माज्या लेकाला शानपन येऊंदे, पांढरं कोंबडं देईन,' असं बोलले व्हते. मोत्याचं खूळ सोडून गप बसलावतास, मला वाटलं आलं. आता कुटल्या तोंडानं देऊ?"

त्याला बरेच आखाड झाले. वस्तीतले कोंबडे आले, शिजले, गेले. आमचा मात्र म्हातारा होऊन अंगणात लंगडत फिरतो आणि भल्या पहाटे माझ्याच खिडकीखाली आरवतो. परवा तो जरा मलूल दिसला, म्हणून मी आईला म्हटलं, डॉक्टरला दाखवू या का?

"त्येला काय हुतंय," आई दाणे टाकत म्हणाली, "तुज्या जिवावर जगतंय ते."