परतीची तार

कडुबाच्या दुकानाला पाटी आहे, पण ती वाचून तिथं कुणी येत नाही. चिकलठाण्यात जालना रोडवर गाडी बंद पडली की लोकच सांगतात, कडुबाकडं ढकला. तीस वर्षांत त्यानं ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, जीप अशा सगळ्यांच्या तारा बदलल्या. डोळे मिटून नुसतं चाचपलं तरी दिव्याची तार कुठली आणि हॉर्नची कुठली ते सांगतो, अशी त्याची ख्याती. ती त्यानं स्वतःच पसरवली होती, पण खोटी नव्हती.

त्यामुळं बद्रीनाथकाकांनी विमानाच्या वायरिंगला बोलावलं तेव्हा नवल वाटलं ते बाकीच्यांना. कडुबानं फक्त विचारलं, "बॅटरी किती व्होल्टची?" बारा म्हटल्यावर तो निर्धास्त झाला.

काका वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. तरुणपणी विमान चालवायला शिकले होते, परवाना जपून ठेवला होता. फुलंब्रीच्या रस्त्याला शेतात पत्र्याची शेड टाकून अकरा वर्षं ते दोन माणसांचं फायबरचं विमान बांधत होते. एवढ्या वर्षांत एखाद्यानं दोन पोरींची लग्नं उरकून घरही बांधलं असतं. काकांनी पंख बांधले.

पहिल्याच दिवशी त्यांनी कडुबाला समोर बसवून सांगितलं की इथं हाताच्या अंदाजानं तार घ्यायची नाही. बारीक घेतली तर तापते, शिवाय लांब जाताजाता वाटेत व्होल्टेज गळतं. जाड घेतली तर विनाकारण वजन होतं, आणि विमानाला वजन सोसत नाही. तारेचा नंबर जितका लहान तितकी तार जाड. नंबर काढायचा तो किती अँपियर जाणार आणि किती लांब जाणार यावरून, आणि गळती अर्ध्या व्होल्टच्या वर जाऊ द्यायची नाही.

कडुबाला हे फार आवडलं. जे काम तो आजवर बोटांनी करत आला होता ते पहिल्यांदा कागदावर दिसलं. एकेका तारेचा हिशेब तो घरून मांडून आणू लागला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाला सहा अँपियर लागत होते, बॅटरीपासून अंतर चार मीटर. अठरा नंबरची तार घेतली तर गळती बरोबर अर्धा व्होल्ट. काकांनी गुणाकार तपासला. गुणाकार बिनचूक होता. तारा सीटमागच्या पोकळीत बसल्या, त्यांच्यावर फायबरचा थर चढला, थर वाळला, रंग लागला. इंजिन सुरू केलं तेव्हा एका झटक्यात लागलं आणि काकांनी कडुबाला भर शेतात मिठी मारली.

घाई होती ती काकांच्या डोळ्यांमुळं. काचबिंदू वाढत होता. उडायला लागणारं डॉक्टरचं सर्टिफिकेट अजून पाच आठवडे चालणार होतं आणि पुढचं मिळणार नाही, हे डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. विमानाची तपासणी झाली होती, उड्डाणाची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

अशातच कडुबाला दौलताबादहून बोलावणं आलं. किल्ल्याच्या पायथ्याशी मोतीरामची उसाच्या रसाची नवी गाडी होती, सगळी फायबरची. तिचा पंखा नीट फिरेना. कडुबानं पाहिलं तर आधीच्या कारागिरानं परतीची तार केसासारखी बारीक टाकलेली. "गाडी फायबरची हाय बाबा," तो मोतीरामला समजावू लागला. "लोखंडाची असती तर करंट बॉडीतून माघारी आला असता. इथं जायलाबी तार आन् यायलाबी तार. दोन्ही धरून..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. तीस वर्षं त्यानं गाड्यांना एकच तार ओढली होती. परतीला गाडीचं लोखंड असतंच, ते मोजायचं कशाला? विमानात त्यानं परतीची तार टाकली होती, पण मोजताना सवयीनं एकच बाजू धरली. अंतर चार मीटर नव्हतंच. आठ होतं. गळती अर्धा नव्हे, एक व्होल्ट. मोतीराम रसाचा ग्लास पुढं करून उभा राहिला, कडुबाला तो दिसलाच नाही.

इंजिन चालू असताना डायनॅमो चौदा व्होल्ट देतो, तेव्हा काही जाणवणार नव्हतं. पण वर गेल्यावर डायनॅमो बंद पडला आणि सगळा भार बॅटरीवर आला, तर पंपाला जोर पुरेल की नाही याची खात्री राहिली नव्हती. आणि ही गोष्ट जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तो घाबरला. खरं तर चूक उघडी पडेल याची भीती त्याला आधी वाटली आणि काकांच्या जिवाची नंतर, आणि याचीच त्याला फार लाज वाटली.

घरी त्यानं बायकोला, सत्यभामाला, सगळं सांगितलं. "फायबर कापून तार बदलायची, परत थर द्यायचा, परत तपासणी. दोन महिने गेले. काकांचं उडणं ऱ्हायलंच मग. आन् डायनॅमो काय रोज बंद पडतोय व्हय?"

सत्यभामा भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "तुम्ही बसाल का त्यात?"

कडुबा उठून चप्पल घालू लागला.

काका शेडमध्ये विमानाची काच पुसत होते. कडुबानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. काकांनी फडकं ठेवलं, हिशेबाचा कागद मागितला, डोळ्यांजवळ धरून वाचला. "चार मीटर," ते म्हणाले. "मीपण वाचलं होतं की रे हे." मग एकदम भडकले. "तीन आठवड्यांवर आलंय आणि आता सांगतोस? चालता हो इथून!"

कडुबा गेला. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी काकांचा फोन आला, "चौदा नंबरची तार मागवलीय. कापायला ये." काकांनी मात्र कटर कडुबाच्या हाती दिला नाही, अकरा वर्षांचं काम स्वतःच्या हातानं कापलं.

दोन महिन्यांचे अडीच झाले. एका सकाळी धावपट्टीवर विमान उभं राहिलं. चालवायला राजनंदिनी आली होती, फ्लाइंग क्लबात शिकवणारी. तिनं डायनॅमो बंद करून नुसत्या बॅटरीवर इंजिन चालवून पाहिलं, अंगठा वर केला आणि विमान घेऊन गेली. पट्टीच्या अर्ध्यातच चाकं सुटली.

काका मान वर करून बघत होते. "दिसतंय का?" कडुबानं विचारलं.

"आवाज येतोय." मग ते म्हणाले, "खरं सांग कडुबा. जुन्या तारेवर मी उडलो असतो का?"

'नाही, पडला असता' असं खोटं बोलायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. आणि खोटं बोलून काकांचं मन राखावं असं कडुबाला मनापासून वाटलं.

"उडला असता, काका," तो म्हणाला. "बहुतेक सुखरूप उतरलापण असता."

काकांनी मान हलवली आणि आवाज ज्या दिशेला गेला होता तिकडं तोंड फिरवलं.