क्रमांक सतराचा निकाल

ही फजिती मी आजवर दोनदाच सांगितली आहे आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्यांच्या हातून चहा बशीत सांडला आहे. बशीत सांडलेला चहा मला चालत नाही. तेव्हा आधी कप खाली ठेवा, मग ऐका.

मी नाशिकच्या एका शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवले. त्यांतली शेवटची एकवीस वर्षे फक्त दहावीला. माझ्या विषयाचा निकाल शंभर टक्के लागत असे. एक वर्ष सोडून, आणि त्या एका वर्षाची कारणे माझ्याकडे लिहून ठेवलेली आहेत. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने प्रवेशद्वाराशी संगमरवरी फलक लावला. त्यावर दहावीच्या मराठीच्या उज्ज्वल परंपरेचा उल्लेख आहे आणि खाली माझे नाव आहे. हे मी अभिमानाने सांगत आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

निवृत्तीचे दुसरे वर्ष चालू होते. घरोघरी केबल आली होती, मोबाइल अजून यायचा होता. एका संध्याकाळी आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक गायधनी सर घरी आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "बाई, तुम्ही नाही म्हणायचं नाही."

"वाक्य पूर्ण करा, सर. कशाला नाही म्हणायचे नाही?"

"सायकल शर्यतीला निरीक्षक म्हणून यायचं. नाशिकरोडहून सिन्नर आणि परत. गेल्या वर्षी निकालावरून हाणामारी झाली. यंदा असं माणूस पाहिजे, ज्याच्यापुढे कोणाची बोलायची छाती होणार नाही. निम्मे स्पर्धक तुमचे नाहीतर तुमच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आहेत."

"सर, मला सायकल चालवता येत नाही."

"तुम्हाला चालवायची नाहीये, बाई. फक्त लक्ष ठेवायचंय."

लक्ष ठेवायचे! चौतीस वर्षे मी दुसरे काय केले होते? परीक्षेच्या वर्गात माझी पर्यवेक्षणाची पाळी असली, की मुले पाणीसुद्धा मागत नसत. मी होकार दिला. मात्र काम काय आहे ते सरांनी गंभीरपणे समजावले. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला एकच नाव जाणार होते, पहिल्या येणाऱ्याचे. तिथे चमकलेल्या मुलांना खेळाडू म्हणून रेल्वेत नोकरी लागण्याची शक्यता असते. निकालपत्रक त्याच दिवशी दुपारी दोनच्या आत फॅक्स करायचे होते, आणि माझ्या सहीशिवाय ते जाणार नव्हते.

"म्हणजे एका मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे," मी म्हणाले.

"अगदी बरोबर," सर म्हणाले, आणि मी दिलेला चहा त्यांनी समाधानाने प्यायला. बिचारे!

शर्यतीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मी स्वेटर, शाल, कानटोपी, नोंदवही आणि लाल शाईचे पेन अशा तयारीने जीपमध्ये बसले. सोबतीला निकमबाईंना घेतले होते. निकमबाई माझ्या तीस वर्षांच्या सहकारी. त्या पाचवी ते नववी मराठी शिकवायच्या. स्वभावाने इतक्या शांत, की शिक्षकांच्या सभेत त्या हजर होत्या की नाही हे सहीवरूनच कळायचे. त्यांनी येताना रुमालात भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. गायधनी सर शेवटच्या रेषेशी थांबणार होते. जीप चालवणारा गृहस्थ म्हणजे माझा माजी विद्यार्थी दिलीप. बाईंना आपण आठवतो की नाही, या काळजीने त्याने पहिले दोन किलोमीटर समोर कमी आणि आरशात जास्त पाहिले.

"दिलीप, तू मला आठवतोस. आता रस्त्याकडे बघ."

"हो, बाई."

शिंदे गाव मागे पडेपर्यंत सर्व स्पर्धक घोळक्याने चालले होते. मग वेगवान दहा-बारा जण पुढे निघाले आणि आमची जीप त्यांच्या मागे लागली. माझी नजर लगेच एका जागी स्थिर झाली. ती होणारच होती, सवय असते.

सर्वांच्या पुढे क्रमांक नऊ होता. निळा बनियन, सावळा, रुंद खांद्यांचा तरुण. मान खाली घालून एकसारखा राबत होता. आणि त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून क्रमांक सतरा! त्याचाही निळाच बनियन. म्हणजे दोघे एकाच वर्गातले! नऊ डावीकडे सरकला, की सतरा डावीकडे. नऊने वेग वाढवला, की सतरानेही वाढवला. स्वतःचे डोके म्हणून कुठे वापरणे नाही. पुढच्याचे बघायचे आणि तसेच करायचे.

"निकमबाई, बघितलेत का? सरळसरळ कॉपी चालली आहे."

निकमबाईंनी शेंग फोडली. "जाऊ द्या हो. पोचतायत ना दोघंही?"

तुम्हीच सांगा, ही काय शिक्षिकेची वृत्ती झाली? मी नोंदवहीत लाल शाईने लिहिले : 'क्रमांक १७. घाटाच्या पायथ्यापर्यंत एकदाही पुढे आला नाही.'

मोहदरी घाटात तर सतराचे पुरते पितळ उघडे पडले. चढ लागताच तो मागे पडू लागला. तोंड वासले, खांदे हलू लागले. इतर तिघे-चौघे त्याला मागे टाकून गेले. मी म्हणाले, "आता कळेल अभ्यास कोणी केला आहे ते." पण काय आश्चर्य! क्रमांक नऊने मागे वळून पाहिले, स्वतःचा वेग कमी केला, सतराला आपल्या मागे घेतले आणि पुन्हा वर खेचायला सुरुवात केली.

माझे डोळे पाणावले, खोटे कशाला सांगू? किती हा भोळा मुलगा! वर्गात असा एक असतोच. स्वतःचा पेपर तिरका धरतो आणि मागच्याला दाखवतो. शिक्षा मात्र दोघांनाही होते. या वेळी ती योग्य त्यालाच होईल, असे मी मनाशी ठरवले.

सिन्नरहून परतताना वारा समोरून येत होता. पुन्हा तोच प्रकार. नऊ पुढे, सतरा मागे. शेवटी माझा संयम सुटला. मी जीपच्या खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि परीक्षागृहातला आवाज काढला.

"क्रमांक सतरा! दुसऱ्याच्या मागे काय लपतोस? स्वतःचे स्वतः चालव! दोघांमध्ये अंतर ठेवा!"

"हो, बाई!" सतरा म्हणाला. नऊही म्हणाला. मागून येणारे आणखी तिघे म्हणाले. दिलीपही म्हणाला आणि सवयीने जीप थोडी मागे घेतली.

सतराने खरोखर अंतर ठेवले आणि लगेच वाऱ्यात भराभर मागे पडू लागला. त्याबरोबर नऊ हात वर करून ओरडला, "ओ बाई, त्याला काय बोलू नका! लय मुश्किलीनं आणलाय त्याला इथवर!" आणि पुन्हा मागे जाऊन त्याला घेऊन आला.

"केवढे हे मन!" मी म्हणाले. निकमबाई माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होत्या. त्यांनी मला शेंगा देऊ केल्या. कर्तव्यावर असताना मी खात नाही.

पुढच्या चौघांना गाठत नऊने सतराला शेवटच्या टप्प्यात आणले. शेवटची रेषा दिसू लागली, ढोल वाजू लागले. दोनशे मीटर उरले असतील. आणि तेवढ्यात तो क्रमांक सतरा, तो दिवसभर दुसऱ्याच्या सावलीत बसलेला मुलगा, एकाएकी उजवीकडून बाहेर पडला आणि बाणासारखा सुटला! असा वेग मी आयुष्यात पाहिला नव्हता. बाकीचे जणू उभे होते. तो पहिला आला. नऊ चौथा.

लोकांनी सतराला खांद्यावर घेतले. मी जीपमधून उतरले, शाल नीट केली आणि मंचावर जाऊन निकालपत्रक पालथे ठेवले.

"मी सही करणार नाही."

ढोल थांबले. गायधनी सरांचा चेहरा कानटोपीएवढा झाला. "बाई, काय झालं? त्यानं वाहनाला धरलं? रस्ता चुकवला?"

"त्यापेक्षा वाईट. संपूर्ण शर्यतीत तो एकदाही पुढे नव्हता. माझ्याकडे नोंदी आहेत."

सरांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, तो स्प्रिंटर आहे! स्प्रिंटर असाच जिंकतो! तिकडे युरोपात तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती असतात, मी केबलवर बघतो ना. तिथले मोठमोठे व्यावसायिक स्प्रिंटरसुद्धा दिवसभर मागेच असतात आणि शेवटी सुटतात. जगातल्या थोर सायकलपटूंत त्यांची गणना होते."

"कोण करतो ही गणना?"

"म्हणजे... वाद आहे त्याबद्दल. काही म्हणतात, घाट चढतो तो खरा थोर. काही म्हणतात..."

"काही म्हणतात ते बरोबर म्हणतात! घाटात हा रडकुंडीला आला होता, सर. जो डोंगर बघून गळतो, दिवसभर दुसऱ्याच्या पाठीआड राहतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांत टाळ्या घेऊन जातो, त्याला तुम्ही थोर म्हणता? उद्या एखादा मुलगा वर्षभर गैरहजर राहील आणि वार्षिक परीक्षेत शेजाऱ्याचे बघून पहिला येईल. त्याचाही सत्कार करायचा का?"

हे मी ध्वनिक्षेपकासमोर बोलले. टाळ्या पडल्या. मला वाटते, नुसत्या माझ्या आवाजाला पडल्या. पण तेव्हा मला तसे वाटले नाही. त्या भरात मी जाहीर केले, "माझ्या मते खरा विजेता क्रमांक नऊ आहे. राज्य स्पर्धेला त्याचेच नाव जाईल."

क्रमांक सतरा मनमाडचा होता, संतोष नावाचा. खांद्यावरून त्याला कोणी कधी खाली ठेवले, ते कळलेही नाही. तो मंचाच्या पायरीशी उभा राहून एवढेच म्हणाला, "बाई, माझं काय चुकलं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होते. घड्याळात सव्वा वाजला होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत क्रमांक नऊ वर आला. सिन्नरचा भाऊसाहेब. अजून धापा टाकत होता. मी कौतुकाने हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही.

"बाई, माझं नाव लावू नका. मी नाय जाणार."

"अरे, संकोच करू नकोस. तुझ्या कष्टांवर तो—"

"माझ्या कष्टावर पाणी तुम्ही टाकताय, बाई!" तो म्हणाला, आणि मग थोडा दचकला, पण थांबला नाही. "आमचा क्लब एक हाय. माझ्याकडं दम हाय, पण शेवटाला वेग नाय. त्याच्याकडं वेग हाय. पुढं राहून वारा मी खायचा आणि त्याला ताजातवाना रेषेपर्यंत आणून सोडायचा, हे ठरलेलं हाय. सहा महिने झाले, पहाटे उठून हेच करतोय आम्ही. तो पहिला आला म्हंजी मी जिंकलो ना! तुम्ही दोघांनाबी हरवलं."

मी नोंदवही उघडली. पानभर लाल शाई. प्रत्येक नोंद अचूक होती आणि प्रत्येक नोंदीचा अर्थ मी उलटा लावला होता. तरीही मी सहजासहजी माघार घेणाऱ्यांतली नाही. मी म्हणाले, "हे सर्व ठीक आहे. परंतु वारा एकाने खायचा आणि नाव दुसऱ्याचे लागायचे, हा न्याय मला मान्य नाही. असे कुठे असते का?"

"असतं की," मागून कोणीतरी म्हणाले.

मी वळून पाहिले. निकमबाई रुमालातली टरफले गोळा करत होत्या. त्यांनी वरही पाहिले नाही.

"पाचवीला मुलं यायची, तेव्हा त्यांना धड जोडाक्षर येत नसे. पाच वर्षं मी त्यांना ओढत आणायचे. नववीत तर घाटच असायचा. मग जूनमध्ये तुम्ही त्यांना घ्यायचात आणि मार्चमध्ये निकाल शंभर टक्के." त्यांनी रुमालाला गाठ मारली. "फलकावर नाव कोणाचं आहे हो, बाई?"

दिलीप जीपच्या चाकाकडे निरखून बघू लागला. गायधनी सरांना एकाएकी खोकला आला.

"निकमबाई," मी म्हणाले, "तीस वर्षांत तुम्ही हे कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी मागं वळून बघितलंत?"

आवाजात राग नव्हता, हेच वाईट. नववीचा हजेरीपट पुढे करावा, तितक्या सहजपणे त्या म्हणाल्या.

मी निकालपत्रक सुलटे केले. संतोषचे नाव पहिले होते, तसेच राहू दिले, आणि खाली सही केली. शेऱ्याच्या रकान्यात 'क्रमांक ९ चे साहाय्य उल्लेखनीय' असे लाल शाईने लिहिले. शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला तो कोरा सोडवत नाही. दिलीपने जीप अशी पळवली, की दोन वाजायला दहा मिनिटे असताना कागद फॅक्सच्या यंत्रातून गेला. संतोषने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी त्याला भाऊसाहेबाकडे वळवले. भाऊसाहेब म्हणाला, "पाया कसला पडतो, उसाचा रस पाज."

सगळे आवरल्यावर आम्ही तिथल्याच एका टपरीवर चहाला बसलो. गायधनी सरांना राहवले नाही. त्यांनी अगदी जपून विचारले, "मग बाई, तुमचं मत काय ठरलं? स्प्रिंटर थोर सायकलपटूंत मोडतो की नाही?"

मी चहाचा एक घोट घेतला, निकमबाईंच्या रुमालातून पहिल्यांदाच एक शेंग उचलली आणि पूर्ण विचारांती उत्तर दिले.

"सर, निःपक्षपातीपणे पाहिले तर स्प्रिंटरच सर्वांत थोर!"

निकमबाईंचा सगळा चहा बशीत सांडला. मी काही बोलले नाही.