लिओरा डेनचा चष्मा

ओपल ट्रास्कच्या एप्रनच्या खिशात सुयांची डबी असे, खडू असे, आणि त्यांच्याखाली फडक्यात गुंडाळलेला जाड भिंगांचा चष्मा असे. चष्मा तिचा नव्हता. तो लिओरा डेनचा होता, आणि चारचौघांत तो बाहेर काढायला स्टुडिओची सक्त मनाई होती.

ओपल मूळची बेकर्सफील्डची. तेलविहिरीवरच्या अपघातात नवरा गेला, तेव्हा शिलाईच्या जोरावर ती हॉलिवूडला आली आणि स्टुडिओच्या कपडेपटात चिकटली. लिओरा तेव्हा नवखी होती. खरं नाव बर्था कोल्ब, खाटकाची मुलगी. हातभर अंतरापलीकडचं तिला सगळं धूसर दिसे. कॅमेऱ्यापुढे ती समोरच्याकडे हरवल्यासारखी पाही आणि लोक त्या पाहण्यावर लट्टू झाले. स्टुडिओने 'स्वप्नाळू डोळ्यांची लिओरा' अशी जाहिरात केली. चष्मा ओपलच्या खिशात गेला तो गेलाच.

तेव्हापासून ओपलच्या जिवाला घोर लागला. सेटवरच्या वायरी ती आधीच बाजूला सारी. पार्ट्यांना लिओराच्या मागे चालत पुटपुटे, "डावीकडून दिग्दर्शक येतोय. हस." एखादा माणूस नजरेतून सुटला की दुसऱ्या दिवशी बोभाटा होई, डेन माजली, ओळख देत नाही.

पुढे लिओराची नजर आणखी अधू झाली. एका मेजवानीत लिओराची पायरी चुकली आणि ती वेटरच्या अंगावर गेली. लगेच पेपरातल्या एका गप्पांच्या सदरात आलं की एक स्वप्नाळू तारका म्हणे दुपारपासूनच घेते. लिओरा थेंबालाही शिवत नव्हती. तिचा बाप दारूनेच गेला होता.

ओपल प्रसिद्धीखात्याच्या हॅलोरनकडे गेली. "साहेब, तिला दिसत नाही, एवढं सांगून टाका ना."

"दारुडी नटी लोक पोटात घालतात, ओपल. ढापणी नाही."

"आणि पडली म्हणजे?"

"पडत नाही. गुरुवारी प्रीमियरला एकटी जिना उतरेल, सगळ्यांदेखत. मग कुजबुज आपोआप थांबेल. तू गर्दीबरोबर दोरीच्या बाहेर उभी राहा."

गुरुवारी दुपारी ओपलने लिओराला थिएटरच्या त्या दगडी जिन्यावरून उतरवून पाहिलं होतं. पायऱ्यांच्या कडांना पांढरे पट्टे होते, तेवढे लिओराला कळत. संध्याकाळी येऊन बघते तो सबंध जिन्यावर गडद लाल गालिचा. पट्टे झाकून गेलेले.

लिओरा वर येऊन उभी राहिली. फ्लॅश उडू लागले. तिने पाय पुढे केला, चाचपला, मागे घेतला. ओठांवर हसू होतं, पण मानेची शीर ताठलेली ओपलला खालूनही दिसली. गर्दीत कुणी म्हणालं, "बघा, आत्ताच झिंगलीय." आसपास खसखस पिकली.

ओपल दोरीखालून आत शिरली. हॅलोरनने दंड धरला, तो तिने हिसडून सोडवला. धापा टाकत वर जाऊन तिने फडकं सोडलं. "घाल, बर्था."

"वेड लागलंय का तुला? सगळे बघतायत."

"मान मोडून घेशील. माझ्याच्याने बघवत नाही."

लिओराने चष्मा चढवला आणि समोर पाहिलं. बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं, एवढी माणसं येतात?" आणि झगा उचलून आपली आपण खाली उतरली.

सकाळी सगळ्या पेपरांत चष्मा घातलेल्या लिओराचाच फोटो होता. दारूची आवई विरली. ओपलची नोकरी गेली. लिओराने तिला स्वतःच्या पगारातून ठेवून घेतलं. पण नायिकेची कामं आटली, आणि संपलेला करार स्टुडिओने पुन्हा केला नाही. त्यानंतर पडद्यावर लिओरा मास्तरीण झाली, नर्स झाली, नायिकेची थोरली बहीण झाली. पोटापुरतं काम मिळत राहिलं.

तिने ओपलला कधी बोल लावला नाही, शाबासकीही दिली नाही. ओपलच्या मनात ते सलत राहिलं. शेवटी एकदा झग्याला टीप घालता घालता तिने भीतभीत विचारलं, "माझं चुकलं का गं त्या दिवशी?"

"कधी वाटतं चुकलं," लिओरा म्हणाली. "कधी नाही वाटत."

ओपलने मान हलवली आणि पुढची टीप घातली.