हिरासिंगचा चार नंबरचा टेपर

बाभुळगावात श्रीकृष्ण खेडकरांच्या वर्कशॉपमध्ये हिरासिंग राठोडला गप्प करायचं, तर एकच उपाय होता: त्याच्यापुढे भाकरी ठेवायची. एरवी त्याचं तोंड आणि त्याचं ड्रिल मशीन एकाच वेळी सुरू व्हायचं. लाइट गेली की मशीन तेवढं थांबायचं.

मशीन मोठं होतं, आडव्या हाताचं, लोखंडात मनगटाएवढं भोक पाडणारं. हिरासिंग त्याला ‘याडी’ म्हणायचा. त्याच्या तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. आणि या आईचा जीव कशात आहे, हे त्यानं ज्याला सांगितलं नाही असा माणूस बाभुळगावात नव्हता. कापसाच्या जिनिंग गिरण्यांचे जिनवाले, चहावाला, पत्ता विचारायला थांबलेला वाटसरू, कुणाचीच सुटका नसे.

“ड्रिलच्या बुडाशी पाह्य. ना चाप, ना पेच. नुसती निमुळती दांडी. अन् याडीच्या पोटात तशीच निमुळती जागा. चार नंबरचा टेपर. दांडी आत ठोकली का लोखंड लोखंडाले धरते. टोकाची ही चपटी शेपटी दिसते ना? लोकायले वाटते, हिच्या जोरावर ड्रिल फिरते. गलत! शेपटी ड्रिल काढाले हाय, फिरवाले नाई. फिरवते थो टेपर. साफ अन् कोरडा असला तं रेड्यावानी ओढते. हद्दीबाहेर जोर लावला का सोडून देते. माणसाचंबी तसंच हाय.”

माणसांनाही तो याच मापानं मोजायचा. लेथवरचा शाम म्हणजे दोन नंबरचा टेपर, जरा ताण पडला की घसरला. मालक श्रीकृष्णभाऊ पाच नंबरचे, भक्कम, पण तेलकट. कुठल्याच निर्णयाला धरून राहायचे नाहीत. स्वतःचा नंबर तो सांगत नसे, पण माझा टेपर आजवर घसरला नाही, हे मात्र रोज सांगायचा.

घरी ऐकणारी एकटी मानीबाई, त्याची बायको. हिचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं, अशी त्याची जुनी तक्रार होती. तो टेपरचं पुराण लावायचा आणि ती भाकऱ्या थापता थापता होकाराचं “हाव” म्हणायची. त्याला वाटायचं, ती हे भाकरीलाच म्हणते आहे.

त्या वर्षांत कापूस रुसला होता. भाव पडले, एकेक जिन बंद पडलं, आणि जिनांचे शाफ्ट आणि पुल्या करून जगणारं वर्कशॉप ओस पडायला लागलं. खेडकरांचं सगळं घराणं कचेऱ्यांत आणि वकिलीत. हात काळे करणारे श्रीकृष्णभाऊ तेवढे एकटे. दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी हिरासिंगला जवळ बोलावलं आणि मान खाली घालूनच सांगितलं, “अकोल्याहून एक जण ड्रिल मशीन बघायला येणार आहे. जुन्या मशिनी घेतो तो. लेथवर कसंबसं भागेल, हिरासिंग. ड्रिलला कामच उरलं नाही.”

हिरासिंग गप्प झाला, आणि समोर भाकरी नव्हती. याडी गेली की आपण कुणाचेच नाही, हे त्याला लख्ख कळलं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि शिकायचीही इच्छा नव्हती.

त्यातच खेडकरांच्या भावकीत सुतक आलं. दसऱ्याची हत्यारपूजा दर वर्षी रजनीवहिनी, म्हणजे मालकीणबाई, करायच्या. यंदा त्यांना कुंकवाच्या करंड्याला हात लावता येईना. म्हणून पूजेचा मान मानीबाईकडे आला. ती ठेवणीतली ओढणी घेऊन आली. आली तेव्हा हिरासिंग बाहेर झेंडूचं तोरण बांधत होता. तिनं मशीनला ओवाळलं, टिळा लावला आणि खूप वेळ तिथंच काहीतरी करत राहिली.

दसरा उलटला आणि यवतमाळ रोडवरच्या एकुलत्या चालू जिनचा माणूस धापा टाकत आला. हंगामाच्या मुहूर्तालाच मोठी पुली तडकली होती. नवी ओतीव पुली त्यानं सोबत आणली होती. मधोमध भोक पाडून आजच्या आज हवी होती. नाही जमलं तर पुढची सगळी कामं यवतमाळला जाणार, हेही त्यानं सांगून टाकलं.

“याडीसमोर यवतमाळ काय घेऊन बसला?” असं म्हणत हिरासिंगनं कंबर कसली. ड्रिल बसवण्याआधी टेपर कोरड्या फडक्यानं पुसायचा, हा त्याचा स्वतःचा नियम. पण याडीच्या तोंडाशी, दांडी आत शिरते तिथंच, मानीबाईनं लावलेला टिळा ताजा होता. पूजेनंतरचं पहिलं काम, आणि फडकं फिरवून पूजा पुसायची? त्याचा हात धजला नाही. त्यानं आधी लहान भोक पाडलं, मग त्याहून मोठं, आणि शेवटी मनगटाएवढं ड्रिल चढवलं.

ड्रिल पुलीत शिरलं, गरगरलं, आणि आतून कुणी दात खावेत असा आवाज आला. वर मशीन फिरत होतं आणि खाली ड्रिल मख्खपणे उभं. मग खाटकन काहीतरी तुटलं.

हिरासिंगनं मशीन बंद केलं, सुटलेलं ड्रिल बाजूला केलं आणि लगेच आरोपी शोधायला घेतले. व्होल्टेज कमी होतं. पुलीचं ओतकाम कडक होतं. शामनं ड्रिलला धार नीट लावली नव्हती.

“मी तं हातबी लावला नाई तुह्या ड्रिलले,” शाम म्हणाला.

“म्हणूनच!” हिरासिंग म्हणाला, आणि शेपटीचा तुटका तुकडा काढायला त्यानं याडीच्या पोटात बोट घातलं. बोट बाहेर आलं ते शेंदरी होऊन. त्यानं वास घेतला. तूप होतं, तेही घरचं.

नेमकी तेव्हाच मानीबाई त्याची शिदोरी घेऊन दारात आली. त्यानं बोट तिच्यासमोर धरलं. “हे काय करून ठेवलं तू? काहून?”

“तुमची याडी म्हणजे माही सासूच ना?” मानीबाई शांतपणे म्हणाली. “अकोलेवाला नेणार म्हणता, म्हणून जीव लावून पूजा केली. तुम्हीच सांगता ना, तिचा जीव मोटारीत नाई, चाकात नाई, चार नंबरच्या टेपरात हाय? बाहेरून टिळा लावून काय होते मंग? तूप-शेंदूर कालवला अन् हात पुरते तिथवर आत लावला.”

शामनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हिरासिंगला राग धरायचा होता, पण धरता येईना. इतकी वर्षं ही बाई भाकरीला नाही, त्यालाच ‘हाव’ म्हणत होती. फक्त तुपानं लोखंडाची पकड सुटते, तेवढं तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आणि ज्याच्या ध्यानात होतं त्यानं तरी कुठं पुसलं होतं? त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं.

“चूक माही हाय, भाऊ,” तो आवाज ऐकून आलेल्या श्रीकृष्णभाऊंना म्हणाला. “म्या टेपर पुसला नाई.” मग शामकडे न बघता म्हणाला, “अन् धार बरोबर होती.”

पण शेपटी गेलेली, आणि त्या मापाचं दुसरं ड्रिल नाही. जिनचा माणूस गाडीकडे निघालाच होता. “थांब ना गा,” हिरासिंग म्हणाला. “शेपटी फिरवाले नसतेच, हे मी सांगून राह्यलो ना कवाचा? आता पाह्य.” त्यानं रॉकेलनं आतलं तूप उतरवलं, घसरताना पडलेला ओरखडा हातानं घासून काढला, आत-बाहेर कोरडं केलं आणि बिनशेपटीचं ड्रिल ठोकून बसवलं. या वेळी तो एक शब्द बोलला नाही. हात दांड्यावर हलका होता. टेपरला पेलेल तेवढाच जोर, त्याहून रतीभर जास्त नाही. काळा चुरा भुरभुरत राहिला, आणि ड्रिल पुलीच्या आरपार गेलं. मानीबाई शिदोरी उराशी धरून उभीच होती.

पुली गेली, जिन सुरू झालं. पण ड्रिल काढायला गेले तर ते निघेना. मशीनच्या बाजूच्या खाचेतून पाचर ठोकायची ती शेपटीवर, आणि शेपटीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकोल्याचा व्यापारी आला. त्यानं मशीन फिरवून पाहिलं, ड्रिल ओढलं, ठोकलं, बिनशेपटीच्या खाचेत डोकावला आणि तोंडाशी उरलेल्या शेंदराकडे संशयानं बघितलं. “इसका तो पेटही जाम है,” असं म्हणून तो चहासुद्धा न घेता निघून गेला. त्याच संध्याकाळी जिनवाल्याचा निरोप आला: हंगामभराची सगळी कामं इथंच टाकणार.

“हिरासिंग,” श्रीकृष्णभाऊंनी हळूच विचारलं, “ड्रिल खरंच निघत नाही?”

“निघते ना, भाऊ. खाचेत लोखंडाचा एक तुकडा टाकायचा, त्याच्यावर पाचर ठोकायची. दोन मिनिटांचं काम हाय.”

“मग त्याच्यासमोर का नाही काढलं?”

“त्यानं इचारलं कुठं?”

श्रीकृष्णभाऊ हसले आणि म्हणाले, मशीन राहू दे. आयुष्यात एकदा तरी ते एका निर्णयाला धरून राहिले.

घरी चुलीपुढे मानीबाईनं विचारलं, “सासू राह्यली?”

“राह्यली.”

“मंग पुढच्या दसऱ्याले तूप लावू का नको?”

“लाव. बाहेरून लाव.” त्यानं समोरची भाकरी बाजूला सारली आणि म्हणाला, “तू सगळं आयकत होती तं.”

“हाव,” मानीबाई म्हणाली. या वेळी तिच्या हातात भाकरी नव्हती.