डाव्या हाताचा सलाम

आमच्या कॅप्टनमामांच्या रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरात माणसं नव्हतीच, नुसते हुद्दे होते. मामी नायक. पोळी करपली की मामीची एक फीत कापली जायची आणि त्या दिवशी तिला सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवावं लागायचं. स्वतः मामा सुभेदार मेजर. निवृत्तीच्या वेळी मानद कॅप्टन झाले. ‘मानद’ हा शब्द घरात उच्चारायची कुणाची टाप नव्हती.

मला त्यांनी बूट चमकवायला शिकवलं. मामांचा लाड एवढाच, पण मला तो फार आवडायचा. लेकीच्या वाट्याला तोही आला नाही. लहानपणी मंजूचा उजवा हात मोडला, म्हणून तिनं सकाळचा सलाम डाव्या हातानं केला. मामांनी तिला अंगणात उन्हात उभं केलं. “डाव्या हातानं सलाम होत नसते,” म्हणाले.

तीच मंजू नौदलात लेफ्टनंट झाली. बापाच्या तोंडून एक ‘शाब्बास’ ऐकायला वर्दीतच घरी आली. मामा खुर्चीतून हलले नाहीत. “लेफ्टनंट कॅप्टनच्या खालीच असते. सलाम कर.”

“पापा, नेवी का लेफ्टिनेंट आर्मी के कैप्टन के बराबर होता है,” मंजू म्हणाली. ती घरात हिंदीच बोलायची.

“रायपुरात समुद्र कुठी हाय? इथं फौजेची रँक चालते.”

तिनं सलाम केला, नौदलाच्या रीतीनं तळवा खाली वळवून.

“हात मळला का तुया? लपवून काहून राहिली?”

पुढे ती लेफ्टनंट कमांडर झाली, म्हणजे फौजेतल्या मेजरच्या बरोबरीची, तेव्हाही मामांचं तेच. “लेफ्टनंटच ना अजून?”

मग मामांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांचे एक जुने फौजी मित्र भेटायला आले आणि मंजूला कौतुकानं म्हणाले, “बेटा, साहब तो सबको बताते थे, मेरी बेटी मेजर के बराबर है.”

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंजू उठून आत मामांच्या खोलीत गेली.

तिला पाहून मामांचे डोळे भरले. त्यांनी डावा हात कसाबसा कपाळाशी नेला. जन्मभर हवं होतं ते तिला मिळत होतं. तिनं तो हात धरून खाली घेतला, पांघरुणात घातला आणि कितीतरी वर्षांनी मराठीत बोलली.

“डाव्या हातानं सलाम होत नसते, बाबा.”

मामा त्याच आठवड्यात गेले. तेरवीच्या आधी मामीनं दारावरच्या पाटीत ‘कॅप्टन’च्या आधी ‘मानद’ रंगवून घेतलं.