दारावरचे आप्पा

आप्पा दौंडच्या एका टॉकीजमध्ये चाळीस वर्षं डोअरकीपर होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. हातात बॅटरी घेऊन ते पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि लोकांकडे बघत. कोण कुठल्या प्रसंगाला उठून बाहेर गेलं, यावरून त्यांची सिनेमाची पारख चाले. मुंबईत दरवर्षी हिंदी सिनेमांना बक्षिसं देतात, तो सोहळा आम्ही शेजारीपाजारी त्यांच्याच घरी टीव्हीवर बघायचो. एखादा नट ट्रॉफी घेऊन रडायला लागला की आप्पा पानाला चुना लावत म्हणायचे, "ह्यो पिच्चरमदी रडला तवा आमचं अर्धं थेटर मुतायला गेलं व्हतं." मला परीक्षकांपेक्षा आप्पांचा निकाल पटायचा.

त्यांचा मुलगा मिलिंद मुंबईत सिनेमाचा एडिटर झाला. चित्रीकरणाचे तुकडे कापून जोडायचे, हे त्याचं काम. त्याने एकट्याने केलेला पहिला सिनेमा दौंडला लागला, तेव्हा त्याने आप्पांना फोन करून नीट बघायला सांगितलं. आप्पांनी आपल्या पद्धतीने बघितला आणि कळवलं, "दवाखान्याच्या शीनला अकरा जण उठले. लांबलाय." तुम्हाला स्वतःला कसा वाटला, असं मिलिंदने विचारलं. आप्पा म्हणाले, "मी दारावर व्हतो की."

त्यानंतर मिलिंदचा फोन फक्त आईला यायचा. आप्पा याबद्दल कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वहिनींकडून, म्हणजे मिलिंदच्या आईकडून, कळलं.

पुढच्या वर्षी त्याच सिनेमाच्या एडिटिंगला बक्षीस मिळालं. सोहळा पंधरा दिवसांनी टीव्हीवर लागला, तेव्हा आप्पांचं घर माणसांनी भरलं. वहिनींनी पेढे आणून ठेवले होते. नाच झाले, विनोद झाले, साबणाच्या जाहिराती झाल्या, पण मिलिंद काही दिसला नाही. एडिटिंगच्या बक्षिसाचा भागच टीव्हीवाल्यांनी काढून टाकला होता. पेढे कुणी उघडेना. आप्पा टीव्ही बंद करून म्हणाले, "लोकं उठून जात्याल म्हनून काढला आसंल. मी तरी त्याला दुसरं काय सांगितलं व्हतं?" मला त्यांच्याकडे बघवेना.

बक्षिसामुळे तो सिनेमा शिरूरला पुन्हा लागला होता. रविवारी आप्पा मला घेऊन एसटीने शिरूरला गेले. तिथल्या डोअरकीपरने ओळखून हात केला, तरी त्यांनी तिकीट काढलं आणि मधल्या रांगेत बसले. सुरुवातीला सवयीने दोन-तीनदा मागे वळून बघितलं, नंतर मान हलली नाही. दवाखान्याचा प्रसंग आला आणि पुढचे दोघं उठले. "बसा की खाली," आप्पा त्यांच्यावर खेकसले. ते बिचारे बसलेही.

एसटी स्टँडवर त्यांनी मिलिंदला फोन लावला. त्याने उचलला. आप्पा म्हणाले, "बघितला. खुर्चीवर बसून बघितला. कुठं कापलंय आन् कुठं जोडलंय, मला काय घावलं न्हाई बाबा."

मग मिलिंदने दवाखान्याच्या सीनचं विचारलं. तो लांबलाच आहे, हे त्यालाही आता पटलं होतं.

"लांबू दी," आप्पा म्हणाले.