मागचा डावा दरवाजा

माझ्या टॅक्सीचा मागचा डावा दरवाजा पहिल्या दिवसापासून लागत नव्हता. सहा वर्षं नंबर लावून मिळालेली नवी कोरी गाडी, आणि दरवाजा खालून अर्धं बोट बाहेर! आपटला की लागल्यासारखं करायचा आणि राजूर घाटातल्या दुसऱ्या वळणावर हळूच उघडायचा. मी सुतळी बांधून पाहिली, ती तुटली. मग जाड दोरी बांधली आणि एक रीतच पाडली. मोताळ्याहून बुलडाण्याला निघताना त्या बाजूला एक धट्टाकट्टा माणूस बसवायचा आणि दोरी त्याच्या हातात द्यायची. लोक त्याला दरवाजावाला म्हणायचे. बाकीचे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसत, पण दरवाजावाल्याला कोणी दाबत नसे, त्यामुळे त्या जागेला मागणी होती. अड्ड्यावर येऊन लोक आधी विचारायचे, आज दरवाजावाला कोण आहे.

मी तापट माणूस. घाटात दरवाजा उघडला की मी कारखान्याच्या मालकापासून तर झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचो. शिव्या ऐकायला म्हणून माझ्या गाडीत बसणारे काही लोक होते. हे काही अभिमानानं सांगत नाही, पण होते.

आता गंमत बघा. माझा जावई मुंबईला त्याच कारखान्यात कामाला होता. पोरीचं लग्न जमवताना 'मोटारीच्या कारखान्यात कायमची नोकरी' एवढं कानावर आलं आणि मी पुढं काही विचारलंच नाही. तो तिथं नेमकं काय करतो, कुठं उभा राहतो, काही माहीत नव्हतं. गावभर मात्र सांगत फिरलो की आमचे जावई मोटारी बनवतात. ज्या तोंडानं मोटारीला शिव्या, त्याच तोंडानं जावयाचं कौतुक, आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

मग धोंड्याचा महिना आला. दर तिसऱ्या वर्षी येणारा हा अधिकाचा महिना म्हणजे जावयांचा महिना. त्यांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे ताटात घालून द्यायचे. जावई, पोरगी आणि वर्षाची नात, तिघंही आले. सोबत दोन मोठ्या ट्रंका होत्या. बायको म्हणाली, लेकराचं सामान असते. मला पटलं.

चार दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले. आमच्याकडे जावयाला दोन गोष्टी विचारत नाहीत: काऊन आले आणि कधी जाणार. त्यामुळं आम्ही विचारलं नाही. उलट आपल्याकडून मानपानात काही कमी पडतंय असं वाटू नये म्हणून बायको रोज काहीतरी नवं करायची. तिसऱ्या आठवड्यात तुपाची वाटी पुढं आली की जावई डोळे मिटायचे. मी नांदुरा स्टेशनाहून सवारी घेऊन आलो की कोणाकडेही न बघता बोलायचो, आज मुंबईच्या गाडीला गर्दी नव्हती, आरामात जागा भेटत होती. जावई म्हणायचे, हो काय. सासुरवाडीला येऊन 'माझं काम गेलं' असं कोणता जावई म्हणेल? असं महिनाभर आम्ही एकमेकांचा मान राखून एकमेकांचा जीव खाल्ला. अधिक महिना संपून निज महिना लागला, तरी ट्रंका हलल्या नाहीत.

शेवटी पोरीनं आईला सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. कारखान्याला दोन महिन्यांपासून कुलूप होतं. मालकानं हात वर केले होते. सरकारनं ताब्यात घेतला तर उघडणार, नाही तर नोकरी गेली, कारखान्याची खोलीही गेली. लेकरू घेऊन कुठं जायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. बायकोनं मला सांगितलं तेव्हा त्या दोन ट्रंकांचा अर्थ मला कळला. पाठोपाठ रागही आला. महिनाभर माझ्या घरात माझी पोरगी ही धाकधूक घेऊन फिरत होती आणि मी तिच्या नवऱ्याला रेल्वेतली जागा सांगत होतो. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्या संध्याकाळी जावयानं एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला. उडू नये म्हणून वर पाण्याचा लोटा ठेवला. त्यांच्या संघटनेनं प्रत्येक कामगाराला असे कागद दिले होते. कारखान्याची गाडी वापरणाऱ्यांच्या सह्या घेऊन ते सरकारकडे पाठवायचे होते. त्यावर लिहिलं होतं की मी या कारखान्याची गाडी वापरतो, गाडी मजबूत आणि भरवशाची आहे, तरी सरकारनं हा देशी कारखाना वाचवावा. खाली सही आणि गाडीचा नंबर. जावई 'सही करा' म्हणाले नाहीत. ठेवला आणि अंगणात गेले.

कोणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा, पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे, कर सही. मी पेन घेतलाही. पण 'भरवशाची' या शब्दापाशी हात अडला. पाच वर्षं ज्या गाडीला मी घाटात शिव्या घातल्या तिला भरवशाची कसं म्हणू? आणि म्हणालो तर अड्ड्यावर तोंड कसं दाखवू?

मी माझा गोंधळ घेऊन अड्ड्यावरच गेलो. जावयाचं नाव न काढता विषय टाकला. आमच्या गावात कापसाचा एक अडत्या होता, त्यानंही याच गाडीसाठी नंबर लावला होता. तो म्हणाला की जिनिंग बसली तर सरकार हात द्यायला येत नाही, मग मोटारवाल्यांनाच काऊन द्यायचा, बुडतात तर बुडू द्या. मला पटलं. शाळेचे मास्तर म्हणाले, आपल्या देशाची गाडी आहे, लहान लेकराचं पाऊल वाकडं पडतंच, सरकारनं बोट धरलं पाहिजे. तेही पटलं. अडत्या म्हणाला, मास्तर, लेकराला मिशा फुटल्या आता, किती दिवस बोट धरता. च्यायला, तेही पटलं. दुसऱ्या दिवशी अडत्या स्वतःच येऊन सांगून गेला की सरकारनं कारखाना वाचवलाच पाहिजे. रात्रीतून त्याच्या ध्यानात आलं होतं की त्यानं नंबरासाठी भरलेली रक्कम त्याच कारखान्यात अडकली आहे. त्याचा प्रश्न सुटला. माझा काही सुटेना. कारखाना बंद पडला तर पोरगी उघड्यावर, शिवाय माझ्या गाडीचे सुटे भाग मिळणार नाहीत आणि ती अंगणात सडणार. चालू राहिला तर पुन्हा असलेच दरवाजे. डोक्याचा पार भुगा झाला.

चार दिवस कागद लोट्याखाली राहिला. चार दिवस मी शिव्या न देता गाडी चालवली. सवाऱ्या विचारायला लागल्या, तब्येत बरी आहे ना.

पाचव्या दिवशी जावई म्हणाले, मीही बुलडाण्याला येतो. मी त्यांना पुढं, माझ्या बाजूला जागा करून दिली. पण ते वळसा घालून मागं गेले आणि नेमके डाव्या दरवाजाशी बसले. दोरी हातात घेतली. जावयाला दरवाजावाला करायचं म्हणजे काय, पण सगळ्यांदेखत त्यांना उठवणंही बरं दिसेना. घाटात दुसऱ्या वळणावर दरवाजा उघडलाच. मी दात आवळून गप्प बसलो. तेवढ्यात मागच्या एका नेहमीच्या सवारीला वाटलं की आज मी विसरलो. त्यानं माझ्या वतीनं माझीच शिवी शब्दन् शब्द म्हणून दाखवली, दरवाजा बसवणाऱ्याच्या हातांची, त्याच्या बापाची, सगळी. गाडीभर हसू उसळलं.

घाट चढून वर आलो तेव्हा जावयानं गाडी थांबवायला सांगितली. उतरून त्यांनी दरवाजाच्या बिजागरीवरून बोट फिरवलं. मी जवळ गेलो. हळू आवाजात म्हणाले,

"मामाजी, तिथं दरवाजे मीच बसवतो. हा माह्या हातचा हाय का दुसऱ्याच्या, ते नाही सांगता येत. पण आमच्याच लाइनीतला हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी जुनी लुंगी नेसली आणि पाने-हातोडी मागितली. बायको मध्ये पडली, लोक म्हणतील जावयाला कामाला लावलं. ते ऐकेनात. दरवाजा उतरवला, बिजागऱ्या खोलल्या, तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या चकत्या केल्या आणि बिजागरीमागं घातल्या. लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोकलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. येणारा-जाणारा थांबून बघत होता. सासऱ्याच्या अंगणात जावई घामाघूम होऊन मोटारीला भिडलेला आमच्या गावानं पहिल्यांदाच पाहिला असेल. दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि एका बोटानं दरवाजा ढकलला. टक्. लागला.

मी दहा वेळा उघडला आणि दहा वेळा लावला. आनंद झाला, खरंच झाला. आणि मग माझं डोकं फिरलं.

"हे तुमाले येत होतं, तर मंग तिथं काऊन नाही केलं?"

त्यांनी हात पुसले. "तिथं एका दरवाजाले जितका टाइम भेटते, त्यात इतकाच बसते. वाकडा गेला तरी कोणी वापस पाठवत नाही, मामाजी. बाहेर रांग लागून राह्यते." मग म्हणाले, "तुमी गाडी आणाले गेलते, तवा पाह्यला नव्हता काय हा दरवाजा?"

पाहिला होता. हे मी कोणालाच, बायकोलाही, सांगितलं नव्हतं. गाडी ताब्यात घेताना सगळे दरवाजे उघडून पाहिले होते. हा लागला नाही. तिथला माणूस म्हणाला, नवी आहे, बसेल हळूहळू. आणि मला वाटलं, जास्त बोललो तर ही गाडी मागच्या नंबरवाल्याला देतील आणि मी पुन्हा रांगेत. मी तोंड बंद ठेवलं. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि कुंकवाचं स्वस्तिक काढलं ते नेमकं याच दरवाजावर. आता यात चूक कोणाची धरायची? जावयाची, कारखान्याची, सरकारची, का माझी? मला तेव्हा सांगता आलं नाही, आताही येत नाही.

मी कागद लोट्याखालून काढला. 'भरवशाची' हा शब्द खोडला. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं की दरवाजा वाकडा होता, कारखान्यातल्याच माणसानं तो अर्ध्या दिवसात सरळ केला. सरकारनं मदत द्यावी की नाही ते मला समजत नाही. पण दिली, तर या माणसाला एका दरवाजासाठी थोडा जास्त वेळ द्यावा. खाली सही केली, गाडीचा नंबर घातला. जावयानं वाचलं, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बायकोला कळलं तेव्हा दोन दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. मलाही वाटत होतं की आपण आपल्या हातानं पोरीच्या संसारावर पाणी ओतलं.

महिनाभरानं रेडिओवर बातमी लागली, सरकार कारखाना ताब्यात घेणार. पोरगी रडायलाच लागली. आठवड्याभरात ट्रंका गाडीवर बांधून मी तिघांना नांदुरा स्टेशनावर सोडून आलो. पुढं पोरीच्या पत्रातून कळलं की माझा कागद गेलाच नव्हता. जावयानं अडत्याची सही घेऊन, गाडीच्या नंबराच्या जागी त्याचा रांगेतला नंबर घालून, दुसरा पाठवला होता, आणि माझा ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवला होता. म्हणजे मी डोकं फोडून घेतलं ते उगाच. सरकारनं माझ्या मताशिवायच कारखाना वाचवला. मला थोडं वाईट वाटलं आणि खूप हायसं वाटलं.

पुढच्या धोंड्याच्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी पाचच दिवस, परतीचं तिकीट खिशात. नेमकी त्याच आठवड्यात अडत्याची गाडी आली. जाणकार म्हणून त्यानं मला बघायला बोलावलं, जावईही सोबत आले. हार झाला होता, लिंबं चाकांखाली होती. मी सवयीनं वळसा घालून मागच्या डाव्या दरवाजाशी गेलो. उघडला, लोटला. खालून अर्धं बोट बाहेर.

घशाशी आलेल्या सगळ्या शिव्या मी तिथंच धरून ठेवल्या. जावयाकडे पाहिलं. नातीचं बोट धरून ते रस्त्याकडे बघत होते. नातीच्या पायात नवे बूट होते, ती बालवाडीत जायला लागली होती. याच दरवाजावर माझ्या लेकीची चूल पेटते, हे माझ्या डोक्यात आलं आणि मला राग धरता येईना, सोडताही येईना. अडत्या विचारत होता, कशी आहे. माझ्याच तोंडातून बाहेर पडलं,

"चांगली हाय. दरवाजा बसन हळूहळू."

तो खूश झाला आणि नारळ फोडायचा मान त्यानं मलाच दिला.

आम्ही घरी परतलो. दारात चपला काढता काढता जावई थांबले.

"मामाजी," ते म्हणाले, "तुपाचा रिकामा डबा असन काय घरी?"

मी म्हटलं, आहे.